माहितीचित्रे, वृत्तपत्रीय : मराठवाड्यातील अवर्षणाचे आलेख

वृत्ताशी निगडित आकडेवारी, स्थळांचे परस्परसंबंध, घटनाक्रम किंवा एखाद्या यंत्रणेचे कार्य वाचकास थोडक्या वेळात कळावे, यासाठी शब्द, अंक, रेषा, रंग व आकृती यांच्या संयोगाने केलेल्या मांडणीस वृत्तपत्रीय माहितीचित्र असे म्हणतात. वृत्तपत्र-कार्यालयांतून त्यास ‘ग्राफिक’ वा ‘इन्फोग्राफिक’ ही नावे रूढ आहेत. स्तंभालेख, रेषालेख, विभाजित वर्तुळ, छायांकित नकाशा, प्रवाहचित्र व चित्रसंख्यालेख हे त्याचे नित्याचे प्रकार होत. सजावटीसाठी टाकलेले चित्र आणि माहितीचित्र यांत मूलभूत फरक आहे : माहितीचित्रातील प्रत्येक रेषा हे एक विधान असते व ते खरे किंवा खोटे ठरू शकते. या प्रकारातील सुबोधता आणि सचोटी यांचे नाते किती निकटचे आहे, याचा प्रत्यय अवर्षणप्रवण प्रदेशात विशेष येतो. कारण टँकर, चारा छावणी, पीकविमा व सारामाफी हे सर्व तेथे आकड्यांच्या मागोमाग येतात. प्रस्तुत नोंदीत अंबाजोगाई (जि. बीड) व तिच्या आसपासचा मांजरा खोऱ्याचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून या विषयाचा आढावा घेतला आहे.

बालाघाटच्या डोंगररांगांवर वसलेले अंबाजोगाई हे गाव निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई. योगेश्वरीचे मंदिर व आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी यांमुळे ते प्रसिद्ध आहे. आकृतीच्या साहाय्याने गहन विषय सोपा करण्याची खटपटही या गावास नवी नाही. येथील संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरणासारखा अवघड विषय एका लांबलचक पासोडीवर मांडला. वृत्तपत्राशी तिचा संबंध जोडणे ओढाताणीचे होईल, हे मान्य केले, तरी पुष्कळसा मजकूर एकाच पृष्ठभागावर, एका नजरेच्या टप्प्यात आणण्याची प्रेरणा दोन्हीकडे समान आहे, एवढे म्हणता येते.

*ऐतिहासिक आढावा :* आकडेवारीच्या आलेखांची आधुनिक परंपरा विल्यम प्लेफेअर (१७५९–१८२३) या स्कॉटिश लेखकापासून सुरू होते. १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्यापारविषयक आलेखसंग्रहात रेषालेख व स्तंभालेख, तर १८०१ च्या ग्रंथात विभाजित वर्तुळ आढळते. जॉन स्नो याने लंडनमधील १८५४ च्या पटकीच्या साथीतील मृत्यू नकाशावर दाखविले आणि त्यांचे केंद्र ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती असल्याचे सिद्ध केले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८५८ मध्ये क्रिमियातील सैनिकांच्या मृत्यूंची कारणे आकृतीने मांडून जखमांपेक्षा रोगांनी अधिक माणसे मेली, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या गळी उतरविली. फ्रान्सिस गॉल्टन याने तयार केलेला हवामानाचा नकाशा लंडनच्या द टाइम्स  या पत्राने १ एप्रिल १८७५ रोजी छापला. दैनिकातील नित्य माहितीचित्रांची ही एक महत्त्वाची सुरुवात होय.

या परंपरेत ऑटो नॉइराट (१८८२–१९४५) याचे कार्य आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. १९२५ मध्ये व्हिएन्ना येथे स्थापन झालेल्या समाज व अर्थविषयक संग्रहालयात त्याने कामगारांना समजेल अशी चित्रलिपी सिद्ध केली. ती पुढे ‘आयसोटाइप’ या नावाने ओळखली गेली. मोठी संख्या दाखविण्यासाठी चित्र मोठे करू नये, तर त्याच आकाराची अधिक चित्रे काढावीत, हा तिचा दंडक होता. त्यामागचे गणित साधे आहे. पाण्याचा एक हंडा दुप्पट उंच काढला की, तो दुप्पट रुंदही होतो. म्हणजे कागदावरील त्याचे क्षेत्र चौपट होते आणि पाहणाऱ्याच्या मनात त्यातील पाणी आठपट होते. पाणीटंचाईच्या बातम्यांबरोबर लहानमोठे हंडे व थेंब काढण्याची सवय आजही सुटलेली नाही, म्हणून हा दंडक येथे मुद्दाम नमूद केला आहे.

पुढे डॅरेल हफ याच्या १९५४ च्या पुस्तकाने आकड्यांच्या लबाड्या सामान्य वाचकास दाखवून दिल्या. १९८२ मध्ये सुरू झालेल्या यूएसए टुडे  या अमेरिकन दैनिकाने रंगीत आलेखांची लाट आणली. तिच्यातील सवंगपणावर एडवर्ड टफ्टी याच्या १९८३ च्या ग्रंथातील विवेचन हे जणू आगाऊ उत्तरच ठरले. आकड्यातील फरक व चित्रातील फरक यांचे गुणोत्तर काढून आलेखातील असत्याचे माप घ्यावे, ही टफ्टीची सूचना विशेष प्रसिद्ध आहे.

*मराठी वृत्तपत्रे :* दर्पण (१८३२) व त्यानंतरच्या पत्रांतून माहितीचे प्रमुख वाहन कोष्टक हेच राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात केसरी ने दुष्काळ संहितेतील शेतकऱ्यांचे हक्क लोकांना समजावून देण्याची मोहीम केली, तीही मुख्यतः शब्दांच्या बळावर. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक आकृतीसाठी जस्ताचा ठसा करावा लागे. तो खर्चाचा व वेळखाऊ असल्याने एकदा केलेला जिल्ह्याचा नकाशा पुनःपुन्हा वापरला जाई. ऑफसेट मुद्रण व पुढे संगणकीय जुळणी आल्यावर हा अडसर दूर झाला. आकृती काढणे सोपे झाले. आकृतीमागचा आकडा तपासणे मात्र पूर्वीइतकेच अवघड राहिले.

१९७२ चा दुष्काळ हा मराठवाड्याच्या स्मृतीतील मोठा टप्पा आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. नॉइराटच्या पद्धतीने दहा माणसांची एक ओळ काढून त्यातील एकाच्या हाती टिकाव दिला असता, तर जे क्षणात कळले असते, ते सांगण्यास वृत्तपत्रांना स्तंभच्या स्तंभ खर्ची घालावे लागले. याच अनुभवातून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला.

त्या काळी दुष्काळ ठरविणारा आकडा आणेवारीचा होता. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, असे मानून गावनिहाय उताऱ्याचा अंदाज केला जाई. दशमान नाणेपद्धतीनंतर तिचे नाव पैसेवारी झाले आणि ५० पैशांच्या आतील गाव टंचाईग्रस्त मानले जाऊ लागले. पैसेवारी एकदाच जाहीर होत नाही. नजर अंदाज, सुधारित व अंतिम अशा तिच्या पायऱ्या असतात. एका तालुक्याची नजर पैसेवारी व शेजारच्या तालुक्याची अंतिम पैसेवारी एकाच नकाशात रंगविली, तर प्रत्येक आकडा खरा असूनही नकाशा खोटा ठरतो. अशा चुकीत लबाडीचा हेतू नसतो, परंतु ज्या गावाचा रंग चुकला त्यास हेतूशी कर्तव्य नसते.

*धरणाची टक्केवारी :* मांजरा नदीवर धनेगाव (ता. केज) येथे बांधलेल्या धरणातून अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब या गावांना व लातूर शहरास पिण्याचे पाणी मिळते. या धरणाची एकूण साठवणक्षमता २२४.०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी) असून तीपैकी १७६.९६ दलघमी उपयुक्त साठा व ४७.१३ दलघमी मृतसाठा आहे. निर्गममार्गाच्या तळपातळीखाली राहणारे, कालव्यावाटे न सुटणारे पाणी म्हणजे मृतसाठा. पावसाळ्यात मराठवाड्यातील दैनिके धरणांचा साठा कोष्टकाच्या किंवा चित्राच्या रूपाने नित्य छापतात व तो वाचकांचा अत्यंत आवडता मजकूर असतो. त्यातील टक्केवारी साधारणपणे उपयुक्त साठ्यावर काढलेली असते. म्हणजे ‘मांजरा ० टक्के’ असे छापून येते, त्या दिवशी धरणात ४७ दलघमी पाणी असू शकते आणि पिण्याच्या योजनांचे पंप ते उपसत असतात. उलट पाणी त्याही खाली गेले, तर काही वेळा उणे टक्केवारी दिली जाते. रिकाम्या भांड्याहून रिकामे भांडे चित्रात कसे काढावे, हा प्रश्न मग आरेखकापुढे उभा राहतो.

कोरडे भेगाळलेले धरण काढून त्यावर शून्य लिहिणे सोपे असते, आणि आरेखकाच्या हातून तेच बहुधा होते. वस्तुतः एकूण क्षमतेचे उभे पात्र काढून मृतसाठ्याची रेघ ठळक केली आणि आजची पातळी दाखविली, की शून्य, उणे व शंभर हे तिन्ही आकडे आपोआप स्पष्ट होतात. या एका रेघेने वाचकाची भीती अकारण वाढत नाही व अकारण कमीही होत नाही. धरणात पाणी असताना ‘शून्य’ वाचून घाबरलेला माणूस टँकरला वाटेल तो भाव देतो. त्याच शून्याला सरावलेला माणूस मृतसाठाही संपत आल्यावर बेसावध राहतो. दोन्ही प्रकारची हानी घडविणारे चित्र एकच असते.

एककांचा घोळ याहून निराळा आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), तर मांजराचा १७६.९६ दलघमी. एकाच चौकटीत ही दोन्ही धरणे आपापल्या एककांसह छापली आणि स्तंभांची उंची नुसत्या अंकांवरून घेतली, तर मांजरा हे जायकवाडीच्या दुपटीहून मोठे दिसेल. प्रत्यक्षात १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी असल्याने जायकवाडीचा उपयुक्त साठा सु. २,१७१ दलघमी भरतो. तो मांजराच्या बारा पटींहून अधिक आहे. गोदावरीच्या पाण्यावरून ऊर्ध्व व अधो भागांत वाद चालू असताना असा घोळ निरुपद्रवी राहत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजराचे पात्र आटले आणि लातूरला रेल्वेने पाणी पुरविण्याची वेळ आली. मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेस १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले. पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी सुरू झाली. देशभरच्या वृत्तपत्रांनी या गाडीची चित्रे, मार्गाचे नकाशे व वाघिणींची संख्या छापली. वाघिणींची लांबलचक रांग ही चित्रासाठी मोहात पाडणारी वस्तू खरीच. परंतु २५ लाख लिटर हे २०११ च्या जनगणनेतील लातूरच्या ३ लाख ८३ हजार लोकसंख्येत वाटले, तर माणशी साडेसहा लिटर होतात. मांजराचा केवळ मृतसाठा, म्हणजे ४,७१३ कोटी लिटर पाणी, या मार्गाने आणावयाचे झाल्यास अशा सु. १८,८५० खेपा कराव्या लागतील. गाडीचे महत्त्व यामुळे उणावत नाही. तहानलेल्यास साडेसहा लिटरही मोठेच. पण गाडी ही धरणाची जागा घेऊ शकत नाही, ही वृत्तातील मुख्य गोष्ट एका छोट्या तुलनेने सांगता येते आणि वाघिणींच्या भव्य चित्राने नेमकी तीच झाकली जाते.

*पावसाचे नकाशे :* भारतीय हवामान विभाग (स्थापना १८७५) जिल्हावार पावसाचा नकाशा प्रसिद्ध करतो. त्यात सरासरीहून १९ टक्के कमी ते १९ टक्के अधिक पाऊस ‘सामान्य’ गणून हिरव्या रंगाने, २० ते ५९ टक्के तूट तांबड्याने आणि ६० टक्क्यांहून अधिक तूट पिवळ्याने दाखवितात. त्यामुळे १९ टक्के तुटीचा जिल्हा हिरवा व २० टक्के तुटीचा जिल्हा तांबडा होतो. दोन शेतांच्या बांधावर उभे राहून पाहणाऱ्यास मात्र पिकांत असा फरक आढळत नाही. हाच नकाशा वृत्तपत्राच्या काळ्यापांढऱ्या पानावर छापला, तर तांबडा गडद व पिवळा फिकट होतो आणि सर्वाधिक तुटीचा प्रदेश सर्वांत सुखी दिसू लागतो. रंगीत नकाशा करड्या छटांत उतरविताना छटांचा क्रम नव्याने लावणे, हे आरेखकाचे काम आहे; नुसती प्रत काढणे नव्हे.

सरासरीचा आधारही स्थिर नसतो. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी १९६१–२०१० या कालखंडावरून ८८०.६ मिमी. होती, १९७१–२०२० या कालखंडावरून ती ८६८.६ मिमी. झाली व २०२२ पासून वापरात आली. पाऊस तेवढाच पडूनही टक्केवारी किंचित वाढते. दोन कालखंडांतील टक्केवारी एकाच रेषेने जोडताना हा सांधा दाखविणे आवश्यक ठरते.

तालुक्याच्या सरासरीबाबतही असेच आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी.हून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानून पंचनामे होतात. तालुक्याची सरासरी ३० मिमी. असताना त्यातील एका मंडळात ७० मिमी. पडलेला असू शकतो. स्वयंचलित हवामान केंद्रांच्या ‘महावेध’ प्रकल्पामुळे राज्यातील दोन हजारांहून अधिक मंडळांची नोंद उपलब्ध होऊ लागल्यापासून तालुक्याची एकच सरासरी छापून थांबण्यास सबब उरलेली नाही.

*शून्यरेषेचा प्रश्न :* स्तंभालेखाचा आरंभ शून्यापासून असावा, असा सर्वमान्य संकेत आहे. बीड जिल्ह्याच्या एका आकडेवारीत मात्र हा संकेत नुसता पाळून भागत नाही. ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण बीडमध्ये २००१ साली ८९४ होते. २०११ साली ते ८०७ झाले व राज्यात ते सर्वांत कमी होते. राज्याचे २०११ चे प्रमाण ८९४ होते. स्तंभ ८०० पासून काढले, तर बीडचा स्तंभ ७ व राज्याचा ९४ मापांचा होतो. तेरापट अंतर दिसते व ते खोटे आहे. शून्यापासून काढले, तर दोन स्तंभांत एक दशांशाहूनही कमी फरक दिसतो व वाचक पान उलटतो. तेही एका अर्थी खोटेच. कारण दशकात हजारी ८७ मुलींची घट ही समाजातील भीषण घटना आहे. येथे स्तंभ टाकून बिंदू व रेषा घ्याव्यात, अक्षावरील तुटलेपण उघड दाखवावे आणि ‘हजारी ८७’ ही संख्या शब्दांत लिहावी, हे श्रेयस्कर. याच जनगणनेचे प्राथमिक आकडे (बीड ८०१, राज्य ८८३) आधी प्रसिद्ध झाले होते. त्यांतील एक व अंतिम आकड्यांतील एक घेऊन केलेली तुलनाही टाळली पाहिजे.

*माणसे व चिन्हे :* शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत प्रत्येक मृत्यूसाठी एक बाहुली काढण्याची पद्धत आढळते. नॉइराटच्या चित्रलिपीचा हा सर्वांत अवघड उपयोग होय. शासकीय नोंदीत अशी प्रकरणे साहाय्यास ‘पात्र’, ‘अपात्र’ व ‘प्रलंबित’ अशी विभागलेली असतात. केवळ पात्र प्रकरणांचा आलेख काढून त्यास ‘आत्महत्या’ असे शीर्षक देणे म्हणजे उरलेल्या घरांतील मरण पुसून टाकणे होय. उलट गळफासाच्या चिन्हांनी पान भरणे, हे मृतांच्या कुटुंबीयांच्या दृष्टीने क्रूर व वाचकांपैकी खचलेल्यांच्या दृष्टीने धोक्याचे आहे. या विषयात साधी रेषा पुरते.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक येथे होणाऱ्या स्थलांतराचे प्रवाहनकाशेही काढले जातात. चार्ल्स मिनार याने १८६९ मध्ये नेपोलियनच्या रशियन मोहिमेचा जो विख्यात नकाशा केला, त्यातील पट्ट्याची रुंदी सैन्याच्या संख्येशी बांधलेली आहे. ऊसतोड मजुरांच्या अंदाजांत मोठी तफावत असताना मात्र जाड बाण केवळ परिणामासाठी काढले जातात. मोजदाद नसेल, तेथे सर्व बाण सारख्या जाडीचे ठेवून दिशा तेवढी दाखविणे प्रामाणिकपणाचे ठरते.

कोविड-१९ च्या साथीत (२०२०–२१) आलेख दररोज घराघरांत पोहोचले. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने पूर्वीच्या नोंदींची फेरतपासणी करून १,३२८ जुने मृत्यू एकूण संख्येत मिळविले. त्या दिवशीचा स्तंभ एकाएकी उंच झाला. ज्या आलेखांनी हा भाग वेगळ्या छटेत दाखविला नाही, त्यांनी एका दिवसाचा प्रलय रेखाटला. अंबाजोगाईसारख्या गावी, जेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आसपासच्या तालुक्यांतून रुग्ण येतात, तेथे मृत्यूची नोंद मरणस्थळाप्रमाणे घेतली आहे की निवासस्थानाप्रमाणे, यावर तालुक्याचा रंग अवलंबून राहतो.

*आचारसंहिता :* भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अचूकता व निःपक्षपातीपणा यांविषयीचे निकष माहितीचित्रांनाही लागू पडतात. देशाच्या सीमांचा चुकीचा नकाशा छापणे १९६१ च्या कायद्याने दंडनीय ठरविले आहे; धरणाच्या पातळीचा चुकीचा आलेख छापणाऱ्यास असे कसलेच भय नाही. जागतिक पातळीवर मे २०११ मध्ये ओसामा बिन लादेनच्या मृत्यूनंतर अनेक वृत्तपत्रांनी न पाहिलेल्या चकमकीची तपशीलवार चित्रे छापली. तेव्हा हुआन आंतोनियो खिनेर व अल्बेर्तो काइरो यांनी तयार केलेल्या सहा कलमी निवेदनास अनेक देशांतील शंभराहून अधिक व्यावसायिकांनी पाठिंबा दिला. विश्वसनीय माहिती नसेल, तर माहितीचित्र काढू नये व कल्पनेने भरलेला भाग वस्तुस्थिती म्हणून दाखवू नये, हा त्याचा आशय होता. मराठी वृत्तपत्रांत चित्राखाली आकड्यांचा उगम व दिनांक देण्याची प्रथा अजून सार्वत्रिक नाही. चुकीच्या बातमीचा खुलासा छापला जातो. चुकीचा आलेख सुधारून पुन्हा छापलेला क्वचितच आढळतो. भ्रमणध्वनीवरून चित्र पुढे धाडले जाते, तेव्हा बातमी मागे राहते व चित्र एकटेच फिरते. त्यामुळे उगम व दिनांक चौकटीच्या बाहेर न देता आकृतीच्या आत लिहावेत, असे आता सुचविले जाते.

२०१६ च्या पावसाळ्याअखेरीस मांजरा धरण भरले आणि कोष्टकांत त्यापुढे शंभराचा आकडा आला. तो १७६.९६ दलघमीवर काढलेला होता. जलाशयात त्या वेळी २२४ दलघमी पाणी होते.